नारिंगी मॉनिटरची काच

मॉनिटर फोडायचा असेल तर आधी तो पालथा घालायचा. खाली गोणपाट, गोणपाटावर मॉनिटरचं तोंड आणि त्याची पाठ आपल्याकडे. इतक्या वर्षांत मी किती मॉनिटर आणि टीव्ही फोडले ते मलाच माहीत नाही, पण त्यांतल्या एकाचंही तोंड मी कधी धड पाहिलं नाही. लोक टीव्ही पुढून ओळखतात, आम्ही मागून ओळखायचो. मागची जाळी बघून वय सांगायचं, उचलून बघितलं की आत तांबं किती त्याचा अंदाज सांगायचा. पुढच्या बाजूला कोण नाचत होतं, कोण बातम्या देत होतं, याच्याशी आमचा काही संबंध नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते अशाच सवयींपायी झालं.

भंगारवाल्यानं दिवाळी अंकात काय लिहायचं, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "जे फोडलंत त्याबद्दल लिहा." बरं वाटलं ऐकून. आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं.

माझं गाव खर्डा. आई-वडील दरसाल ऊसतोडीला जायचे आणि मी आजीकडे राहून शाळा शिकायचो. आमच्या घरात शाळा चुकवणं हा एकच गुन्हा होता, बाकी सगळं माफ होतं. दहावी झालो, आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला आणि नगरला आलो तो दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणून. दुकान काही झालं नाही. मग केडगावला रशीदशेठचं भंगाराचं गोडाऊन होतं, तिथे विचारायला गेलो. शेठनं माझं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "दुरुस्त करता येतं म्हंजे खोलता येतंच की. बस खाली." मी खाली बसलो, ते मी स्वतः निवृत्त होईपर्यंत. वडिलांना मात्र आनंद झाला. पोराच्या हातात कोयत्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर आला, एवढं त्यांना पुष्कळ होतं.

आता हे काम काय असतं ते सांगतो. हल्लीचे मॉनिटर सपाट असतात, पाटीसारखे. ते फोडायला आता नवी पोरं आहेत आणि त्यांचे धोके वेगळे आहेत. आमच्या वेळचे मॉनिटर पोटवाले होते. आत काचेची मोठी नळी, पुढे रुंद आणि मागे निमुळती होत बोटाएवढी. तिच्या आतली हवा कारखान्यातच काढून घेतलेली असते. मानेवर चुकून हातोडी बसली तर बाहेरची हवा एकदम आत घुसते आणि काचा अंगावर येतात. माझ्या डाव्या भुवईवर त्याची खूण आहे. म्हणून पहिलं काम, मानेच्या टोकाची बारीक काच पकडीनं हळूच चिमटायची. सूंऽऽ असा आवाज येतो आणि नळी हवा पिऊन घेते. तो आवाज थांबला की नळी मेली, मग भीती नाही. त्याआधी आणखी एक काम. नळीच्या पोटावर एक रबरी टोपी असते, तिच्याखाली करंट दबा धरून बसलेला असतो. प्लग काढून महिना झाला तरी तो कधी कधी तिथेच असतो. स्क्रू ड्रायव्हरला तार बांधून तो टोपीखाली सरकवायचा आणि चट् असा आवाज झाला की समजायचं, गेला.

त्यानंतर मानेवरचं तांब्याचं वेटोळं काढायचं. आमचं पोट त्याच्यावर चालायचं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वेगळ्या, लोखंड वेगळं, सर्किटच्या हिरव्या पाट्या पोत्यात भरून मुंबईकडे. उरली काच. मागची निमुळती काच कोणी घेत नसे, कारण तिच्यात शिसं असतं. पुढची काच घ्यायला मात्र दोन-तीन महिन्यांनी बाहेरगावचा ट्रक यायचा. कुठल्या तरी भट्टीत ती वितळवायचे. त्या ट्रकवाल्याची एकच अट होती, काच पुसलेली पाहिजे. पुढच्या काचेला आतून पावडरीचा थर असतो. त्याच्यावरच चित्र उमटतं. तो थर बोट लावलं तरी निघतो. आम्ही ओलं फडकं काचेच्या कडेवरून दुमडून धरायचो, अंगठा बाहेरून, चार बोटं आतून, आणि एका हातानं सर्रकन ओढायचो. घरात बाई ताटली पुसते तसं. एका ओढीत दोन्ही बाजू साफ. मी दिवसाला शंभर काचा पुसल्यात. पुढे पुढे हाताला सांगावं लागत नसे. काच हातात आली की हात आपला पुसायला लागायचा.

तारा आम्ही जाळायचो. गोडाऊनमागच्या पडीक जागेत ढीग करून पेटवायचा, वरचं प्लास्टिक जळून जायचं आणि खाली तांबं उरायचं. त्या धुराबद्दल मला आता वाईट वाटतं, आणि हे लिहायचं म्हणून लिहीत नाही. माझ्या छातीबद्दल डॉक्टरांनी दिलेला कागद कपाटात आहे. पण धूर माझ्या एकट्याच्या छातीत गेला नाही, वाऱ्याबरोबर लोकांच्या घरातही गेला. त्यांच्याकडे कागद नाही आणि धूर कुणाचा होता हेही त्यांना माहीत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ जुना कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कॉम्प्युटरमध्ये तोळाभर सोनं असतं. ते माझ्यासमोर स्टूल टाकून बसले आणि दुपारपर्यंत माझ्या हातावरची नजर हलवली नाही. मी पाटीच्या कडेला असलेला सोन्याचा मुलामा दाखवला, नखानं खरवडला तर निघेल इतका. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि बाकीचं?" मी शर्टाचे खिसे उलटे करून दाखवले तेव्हा कुठे उठले. दुसऱ्या एक आजी होत्या. त्यांच्या सुनेनं लाकडी खोक्याचा, शटरचा टीव्ही फेरीवाल्याला देऊन टाकला होता, आजी त्याचा माग काढत आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, "आजी, आतलं सगळं काढून झालंय." आजी म्हणाल्या, "आतलं ठिव तुला. मला खोकं पायजे. माझी खुडूक कोंबडी त्यात बसंल." ते शटर, त्या पितळी मुठी सगळं घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यात मला चार अंडी आणून दिली.

सुनंदाताई आल्या ते वर्ष दोन हजार सालाच्या आधीचं. सगळीकडे एकच बोलणं चाललं होतं की साल बदललं की जुन्या कॉम्प्युटरांना तारीख कळणार नाही आणि हिशेब बुडतील. त्या धास्तीनं ज्यानं त्यानं नवी मशीनं घेतली. जुनी आमच्याकडे आली, टेम्पो भरभरून. आम्हाला इतकं काम पुन्हा कधी मिळालं नाही. नगरच्या एका पतसंस्थेचा असाच एक लॉट आला होता, नऊ मॉनिटर. त्यांतले आठ हिरव्या अक्षरांचे आणि एक नारिंगी अक्षरांचा. चार दिवसांत मी ते सगळे खोलले.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक बाई शहर बसमधून उतरून गोडाऊनच्या दारात उभ्या राहिल्या. वय असेल तिशीच्या आसपास. साधी साडी, खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी. भंगाराच्या दारात बायका येतात त्या रद्दी किंवा भांडी घेऊन. यांच्याकडे तसलं काही नव्हतं.

"पतसंस्थेचा लॉट तुमच्याकडे आलाय का?" त्यांनी विचारलं.

"आलाय की. का बरं?"

"त्यात एक नारिंगी अक्षरांचा मॉनिटर होता. तो मला हवाय. फुटका असला तरी चालेल."

मी म्हटलं, "ताई, आमच्याकडं समदं फुटकंच असतं. पर त्याचं तुमी करनार काय?"

त्या खाली पोत्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. नाव सुनंदा गायकवाड. त्या पतसंस्थेत सात वर्षं कॉम्प्युटरवर बसत होत्या. सकाळी पहिल्या यायच्या, संध्याकाळी शेवटच्या जायच्या. कायम करू, कायम करू, असं मॅनेजर दर दिवाळीला म्हणायचा. नवी मशीनं आली त्या आठवड्यात त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्या कामगार कोर्टात गेल्या, तर संस्थेनं लिहून दिलं की ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती, कधीमधी गरज पडली तर दिवसाच्या बोलीवर बोलवत होतो. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव कधी घातलंच नव्हतं. पगाराच्या पावत्या दुसऱ्याच्या नावानं. बरोबरीचे लोक नोकरी सांभाळून होते, ते काय बोलणार? वकिलानं त्यांना विचारलं होतं, तुम्ही तिथे सात वर्षं होतात हे सांगणारी एखादी तरी वस्तू आहे का?

"तेव्हा मला मॉनिटर आठवला," त्या म्हणाल्या. "सकाळी मशीन चालू केलं की वरच्या ओळीत इंग्रजीत ऑपरेटर असं यायचं आणि पुढे माझं नाव. दिवसभर ती ओळ तिथेच. अशी सात वर्षं. शेवटी शेवटी मशीन बंद केलं तरी काचेवर माझं नाव दिसायचं, पुसट. शिपाई चेष्टा करायचा, ताई घरी गेल्या तरी कामावरच असतात म्हणून."

मला ते लगेच पटलं. एकच अक्षर एकाच जागी वर्षानुवर्षं राहिलं की आतली पावडर तिथे जळते आणि अक्षर काचेत बसतं. कोर्समध्ये मास्तरांनी शिकवलं होतं. पण मी इतके मॉनिटर हाताळले आणि कुणाच्या काचेत काय जळलंय हे एकदाही बघितलं नव्हतं, कारण सगळे पालथे. मनात आलं, आपण आजवर काय काय फोडलं असेल!

"ताई, त्यो मी परवाच फोडला," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला तसा मी घाईनं पुढे म्हणालो, "थांबा, थांबा. फोडला म्हंजे काच गेली न्हाई. पुढची काच हितंच हाय. दोन ढीग हायेत, एक पुसलेल्यांचा आन एक पुसायच्यांचा. ह्या लॉटला अजून फडकं लागलं न्हाई."

एवढ्यात रशीदशेठ आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गौतम, त्या संस्थेचा माल दरसाल आपल्याकडंच येतो. मॅनेजरला कळलं तर?"  शेठनं एकदा सुनंदाताईंकडे पाहिलं. त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, वर पाहत नव्हत्या. शेठ म्हणाला, "सात वर्सं म्हंजे लई झाली रे." आणि तो चहा सांगायला बाहेर गेला. त्याचा होकार असाच असायचा.

पुसायच्या ढिगात तीनशे तरी काचा असतील. हिरव्या अक्षरांची आणि नारिंगी अक्षरांची काच बाहेरून सारखीच राखट दिसते, पण नारिंगीच्या आतल्या थरावर जरा तांबूस झाक असते. ती मला ओळखू येत होती, ताईंना नाही. म्हणून त्या काच उचलून माझ्याकडे द्यायच्या, मी बघून बाजूला ठेवायचो. त्यांना मी माझे हातमोजे दिले होते. शेठ चहा घेऊन आला, तोही उभ्या उभ्या काचा सरकवायला लागला. बारा वाजले, एक वाजला. ताईंच्या पदराला, केसांना सगळीकडे धूळ. एकदाही कंटाळल्या नाहीत. मध्येच एकदा म्हणाल्या, "भाऊ, मला कायम नाही केलं तरी चालेल. पण मी तिथे नव्हतेच, हे कसं काय लिहून देतात हो लोक?"

दीडच्या सुमाराला माझ्या हाताला तांबूस झाकेची काच लागली. फोडताना ती आडवी चिरली होती, पण वरचा अर्धा भाग अख्खा होता. मी ती उलटी करून बाहेरच्या बाजूनं पाहिली. धुळीचा जाड थर होता आणि त्याच्याखाली वरच्या कोपऱ्यात ओळ होती. मी उन्हाकडे धरली. इंग्रजीत ऑपरेटर. त्याच्यापुढे दोन टिंबं. त्याच्यापुढे नावाची पहिली तीन अक्षरं दिसली, सुनं एवढं वाचता आलं. पुढचं धुळीत गेलं होतं.

"ताई! घावली!" मी ओरडलो.

त्या ढिगाच्या पलीकडे होत्या. काचा ओलांडत यायला लागल्या. त्यांना नाव स्वच्छ दिसावं, म्हणून मी खांद्यावरचं फडकं घेतलं. बाहेरची धूळ पुसायची होती, तेवढीच. पण हातानं फडकं कडेवर दुमडलं, अंगठा बाहेरून, चार बोटं आतून, आणि सर्रकन ओढलं.

अर्ध्यावर आल्यावर मला कळलं. हात थांबला. ऑपरेटर गेलं होतं, नाव गेलं होतं. काच आरपार दिसत होती आणि तिच्यातून पलीकडे सुनंदाताई येताना दिसत होत्या. कोपऱ्याला अगदी शेवटचं एक अक्षर उरलं होतं, इंग्रजी ए.

ताई जवळ आल्या. त्यांनी काच पाहिली, माझ्या हातातलं फडकं पाहिलं. आतल्या बोटांना तांबूस पावडर लागली होती, तीही पाहिली.  रशीदशेठनं मान फिरवली. मी आयुष्यात मार खाल्लाय, उपाशी झोपलोय, पण इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"म्या वाचलं हुतं ताई," मी म्हणालो. "खरं सांगतो, वाचलं हुतं. हात कसा गेला..."

त्यांनी हातमोजे काढून ठेवले. मग शांतपणे म्हणाल्या, "सात वर्षं पुसायला मॅनेजरला वकील लावावा लागला. तुम्हाला फडकं पुरलं." आणि पोत्यावर बसून रडायला लागल्या. मीही रडलो. शेठ म्हणाला, "आरं, रडता काय दोघं. त्यानं वाचलंय ना? मग कोर्टात जाऊन सांगंल तो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जा तू. त्या दिवसाची हजेरी लावतो मी."

शेठची हजेरी म्हणजे पत्र्यावर खडूनं मारलेली रेघ. दर शनिवारी पगार झाला की तो ती ओल्या फडक्यानं पुसायचा. मी हे दर आठवड्याला बघत होतो, पण त्या दिवशी त्या पत्र्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

तारखेच्या आधी ताईंच्या वकिलांनी मला ऑफिसात बोलावलं. चांगला माणूस होता. म्हणाला, "पूर्ण नाव वाचलं म्हणून सांगा. नाव होतंच ना तिथे? तीन अक्षरं वाचली आणि शेवटचं उरलं, मधलं काय वेगळं असणार होतं?" त्याचं म्हणणं मला पटत होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. "तुम्हाला जे दिसलं ते सांगा, भाऊ," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याबद्दल खोटं लिहून दिलं होतं म्हणूनच त्या कोर्टात आल्या होत्या. त्यांच्यासाठी मी खोटं बोलावं असं त्यांच्याच्यानं म्हणवेना, आणि माझ्याच्यानंही ते होईना.

मी जयंतीला घालायचा पांढरा शर्ट घालून कोर्टात गेलो. काच मी दोन उशांच्या मध्ये बांधून नेली होती. संस्थेच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"अक्षरं येत्यात साहेब. पार्टांवर मराठीत लिहीत न्हाईत."

कोर्टात जरा हसू झालं. "किती अक्षरं वाचलीत?"

"पयली तीन. शेवटचं अजून हाय."

"आणि मधली?"

"मधली धुळीत हुती."

"धूळ पुसल्यावर वाचायची होतीत."

"पुसल्यावर ऱ्हायलीच न्हाईत साहेब."

पुन्हा हसू झालं, पण या वेळी मला ते लागलं. वकील म्हणाले, नगर जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांची नावं इंग्रजीत ए या अक्षरावर संपतात, त्या सगळ्यांना आता कायम करायचं काय? जजसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी काच मागून घेतली, उठून खिडकीशी गेले आणि उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही पुसता कसं, ते दाखवा." मी खिशातला रुमाल काढला आणि रिकाम्या हवेत दाखवलं, कड अशी धरायची, अंगठा बाहेर, बोटं आत. मी एकेक पायरी सांगत होतो आणि लिहून घेणारा ते टाइप करत होता. मॉनिटर पालथा का घालायचा, हवा कशी सोडायची, काच का पुसायची, सगळं. माझं काम सरकारी कागदावर उतरलं ते तेवढंच एकदा.

दोन-तीन महिन्यांनी निकाल लागला. सुनंदाताई हरल्या. ताईंनी मला निकालपत्र वाचून दाखवलं. त्यात माझ्याबद्दल एक वाक्य होतं की हा साक्षीदार प्रामाणिक वाटतो. पुढच्या वाक्यात होतं की परंतु उरलेल्या खुणेवरून अर्जदाराची नोकरी सिद्ध होत नाही. प्रामाणिकपणाचा दाखला मला मिळाला आणि त्याची किंमत ताईंनी भरली. आज इतकी वर्षं झाली, तरी अधूनमधून माझ्या डोक्यात येतं की मधली अक्षरं सांगून टाकली असती तर काय बिघडलं असतं? ती तिथे होतीच. 

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर चहा घेताना मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या संस्थेतले अकरा लोक मला रोज बघायचे. एकही आला नाही. तुम्ही मला कधी बघितलंच नव्हतं, तरी आलात."  मी चहाचे पैसे द्यायलाच विसरलो, ते त्यांनीच दिले.

संस्थेचा माल पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या गोडाऊनला जायला लागला. शेठनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्या घटनेनंतर मी एक सवय लावून घेतली. मॉनिटर पालथा घालण्याआधी तो एकदा उजेडाकडे धरायचा. पुष्कळांत काही नसायचं. काहींत याद्यांच्या चौकटी, कुठे दवाखान्याचं नाव, कुठे नुसता एक आकडा. एका मॉनिटरवर कुणाचं तरी नाव होतं. मी तो मॉनिटर दोन वर्षं माळ्यावर ठेवला. कोणी विचारायला आलं नाही, तेव्हा फोडला. पण ते नाव मी अजून विसरलेलो नाही.

सुनंदाताईंनी पुढे केडगावातच एका खोलीत कॉम्प्युटर टाकून टायपिंगचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, अर्ज, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध. आज त्यांच्याकडे चार मशीनं आहेत, सगळे मॉनिटर सपाट. जुना झाला की त्या मला फोन करतात आणि मी माझ्या ओळखीच्या पोरांना पाठवतो. पोरांना बजावतो, आतल्या बारीक नळ्या फोडू नका, त्यात पारा असतो. त्या सपाट काचेत काही जळून राहत नाही, असं पोरं म्हणतात.

हा लेख मी वहीत पेन्सिलीनं लिहिला आणि टाइप करायला ताईंकडेच दिला.  त्यांनी सगळा टाइप केला. फडक्याचं ते वाक्य आलं तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "असं बोलले होते का मी? काढून टाका." मी म्हटलं, "ताई, आता मी काही पुसायचो न्हाई." त्या हसल्या आणि पुढे टाइप करू लागल्या.

कागद हातात आले तेव्हा वर माझं नाव होतं, खाली काही नव्हतं. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांचे कागद टाइप करतात, स्वतःचं नाव कुठे घालत नाहीत. मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, टायपिंग करणाऱ्याचं नाव लेखाखाली छापायची आमच्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, मग माझाही लेख राहू द्या. संपादक भला माणूस, त्यांनी ऐकलं. हा मागाहून जोडलेला मजकूरही ताईंनीच टाइप केलाय, फक्त शेवटची ओळ त्यांनी टाइप केलेली नाही. त्यांच्या मशीनवर, त्यांच्याच खुर्चीत बसून, एकेक अक्षर शोधत मी ती टाइप केली आहे.

अक्षरजुळणी : सुनंदा गायकवाड, केडगाव